लडकूची अंधारातली बाग

बेलपाड्याच्या लडकूला बिबा उतत नसे आणि या एका गोष्टीचा त्याला भारी गर्व होता. बिब्याचं झाड म्हणजे आमच्याकडे लांबूनच नमस्कार करायची वस्तू. चीक अंगाला लागला की कातडी फुगते, फोड येतात, माणूस आठ-आठ दिवस भाकरीला हात लावू शकत नाही. काही जणांचं तर नुसतं सावलीत बसलं तरी तोंड सुजतं. पण लडकू बिब्याच्या फांद्या उघड्या हातांनी मोडायचा, खांद्यावर टाकून पाड्यातून मिरवायचा आणि वर म्हणायचा, "मला काय करतंय ते? बिबाच मला भितो." गर्वाचं घर खाली, हे काय नव्यानं सांगायला पाहिजे? फक्त लडकूचं घर खाली आलं तेव्हा त्याखाली सापडलं दुसरंच माणूस.

ते माणूस म्हणजे त्याची बायको, राही. शहापूरच्या वर, तानसाच्या जंगलाला लागून त्यांचा पाडा. उतारावर थोडी भाताची खाचरं, वर वरी-नाचणीचा माळ, कुडाचं घर आणि घरात ही दोघंच. एकुलती लेक हिरी मुरबाडकडे दिलेली. राही दिसायला चारचौघींसारखी, पण गळा! लग्नात धवळे गावेत ते राहीनंच. आमच्याकडे लग्नं लागतात दिवेलागणीनंतर, आणि मग रात्रभर गाणी. चार पाड्यांत कुठंही लग्न ठरलं की तारीख आधी राहीला विचारायचे, मग नवऱ्याच्या बापाला. दिवसभर चिखलात वाकलेली बाई रात्री मांडवात उभी राहिली की वेगळीच दिसायची. लडकू मांडवाच्या बाहेर विडी ओढत बसायचा आणि कोणी तिचं नाव काढलं की खोकून सांगायचा, "आमची हाय."

चौतीस सालच्या पावसाळ्यात लडकूला ताप भरला. एकविसाव्या दिवशी तो माणसं ओळखेना. तेव्हा राहीनं मुरबाडकडच्या म्हसा गावच्या देवाला हात जोडले. "ह्यांना उठव देवा, जत्रेला अनवाणी चालत येईन." लडकू उठला. पौषात जत्रा आली तर म्हणाला, "औंदा भाताची झोडणी राह्यलीय, पुढल्या सालाला जाऊ." पुढल्या साली बैलाचा खूर दुखत होता. "देव काय पळून जातोय काय?" असं म्हणून त्यानं तो विषय बुडवला. राहीच्या मनाला ते लागून राहिलं, पण नवऱ्याला सोडून एकटी कशी जाणार?

मग आलं छत्तीस साल. आता राब म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ज्या तुकड्यात भाताचं रोप टाकायचं, ती जमीन आम्ही आधी भाजून घेतो. हिवाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून वाळवायच्या, उन्हाळ्यात शेण, पाला, गवत यांच्याबरोबर त्या तुकड्यावर पसरायच्या आणि पेटवायच्या. फांद्या कुठल्या, याला नियम आहे. ऐन चालतो, किंजळ चालतो. बिबा चालत नाही. त्याचा धूर चिकापेक्षा वाईट. हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

त्या हिवाळ्यात लडकूनं तोडीला आळस केला. जवळचे ऐन दुसऱ्यांनी उतरवून नेले, उरले ते पार डोंगराच्या माथ्यावर. आणि बांधावर, हाताच्या अंतरावर, बिब्याचं झाड. ताटाएवढी पानं! लडकूनं ते छाटून काढलं, राबात तळाशी घातलं, वर ऐनाच्या चार फांद्या, वर शेण-माती. "बापाला बिबा उतायचा, मला नाय उतत," असं मनाशी म्हणून हात झटकले. राब भाजताना तिथं तो एकटा नसतो, ही साधी गोष्ट त्या दीडशहाण्याच्या डोक्यात आली नाही.

चैत्रात राब पेटवला. आग गवतात पळू नये म्हणून खालच्या अंगाला राही निरगुडीची ओली फांदी घेऊन उभी होती. दुपारी वारा फिरला. काळा, तेलकट धूर थेट तिच्या तोंडावर आला. ती ओरडली, "अवो, डोळं लई चुरचुरतात!" आणि लडकू वरून म्हणाला, "राबाच्या धुरात डोळं चुरचुरनार नाय तर काय थंड व्हनार? मार, मार, आग पळाली बघ!" राही हटली नाही. आग विझेपर्यंत मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिचं तोंड इतकं सुजलं की डोळे कुठं आहेत ते दिसेना. सूज तीन आठवड्यांनी उतरली. डोळे उघडले, पण उजेड सोसेना. दारातून ऊन आत आलं तरी डोळ्यांत सुया टोचल्यासारखी ती तोंड भिंतीकडे करायची. लडकूनं तिला बैलगाडीत, अंगावर घोंगडी टाकून शहापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढी नजर जपा. उन्हात उघड्या डोळ्यांनी फिरली तर तीही जाईल." दिवस मावळला की मात्र तिला बऱ्यापैकी दिसायचं.

लडकूची चुलती बाईजा झाडपाल्याची जाणकार. ती आली, राहीचं तोंड हातात धरून वळवून पाहिलं आणि सरळ विचारलं, "लडक्या, राबात बिबा व्हता काय रे?"

हा तो क्षण. लडकूला तो पुढं जन्मभर आठवायचा: बाईजाच्या हातातली वाटी, चुलीवर उतू चाललेली पेज, आणि आपली जीभ. "छे गो! मी काय येडा हाय?" एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण बाईजा अजून बघतच होती, म्हणून तो पुढं बोलला, "म्हशाचा नवस राह्यलाय ना हिचा. दोन सालं झाली."

हे वाक्य त्याच्याकडे कोणी मागितलं नव्हतं.

बाईजानं वाटी खाली ठेवली. "मंग बरोबर हाय," म्हणाली. संध्याकाळपर्यंत गोष्ट पाडाभर झाली. राही आतल्या अंधारात पडून ऐकत होती. तिनं स्वतःच्या दोन्ही गालांवर मारून घेतलं, "माझंच चुकलं, देवा, माझंच चुकलं." लडकू बाहेर ओट्यावर बसून ते ऐकत होता. उठून आत जावं आणि सांगावं, असं त्याला वाटलं. गेला नाही. उद्या सांगू म्हणाला. आणि खोट्याचं काट्यासारखं असतं, पहिल्या दिवशी नाही निघालं तर रोज एक बोट आत जातं.

वैशाखात पाड्यात तीन लग्नं झाली. राहीला कोणी बोलावलं नाही. बाईजानं सांगून टाकलं होतं, "देवाचा राग हाय तिच्यावर. नवस फेडल्याबिगर मांडवात नको. नवरा-नवरीला बाधायचं." दुसऱ्या पाड्याची कोणी बाई आणली. राही अंधार पडल्यावर अंगणात येऊन बसली होती, वाऱ्यावर गाणं ऐकू आलं. दोन कडवी ऐकली आणि उठून आत गेली. "दुसरं कडवं चुकली ती," एवढंच म्हणाली.

त्या साली दिवाळीनंतर लडकू तानसाच्या तलावावरच्या बंगल्यात गवत कापायला गेला. तिथला माळी सावळाराम म्हणून होता, घाटावरचा, तोंडाळ पण मनानं बरा. साहेब लोक दिवस मावळल्यावर बाहेर बसायचे, म्हणून बागेचा एक तुकडा त्यानं मुद्दाम रात्रीसाठी लावला होता. लडकूनं ते पाहिलं आणि हातातला विळा तसाच राहिला.

"अंधारात फुलं कशाला?" त्यानं विचारलं.

"अंधारातच तर कळतात," सावळाराम म्हणाला. "हे बघ, दिवस बुडाला की लाल फूल आधी मरतं. जास्वंद काळी पडते, झेंडू मग. पांढरं शेवटपर्यंत टिकतं. आणि जे दिसत नाही ते वासानं सापडतं. तुला कुणासाठी पाहिजे रे एवढं?"

"बायकोसाठी."

सावळाराम हसला नाही. जाताना त्यानं जुईची फांदी, रातराणीची फांदी, मोगऱ्याचं रोप आणि पांढऱ्या गुलबक्षीचं मूठभर बी बांधून दिलं. वर बजावलं, "जुईला मांडव दे. आणि घाई करू नको."

मग लडकूनं बाग आखली ती कशी, ऐका. रोज दिवेलागणीला अंगणात ठिकठिकाणी काठ्या रोवायचा, त्यांना धोतराच्या चिंध्या बांधायचा आणि राही बसायची त्या दगडावर जाऊन बसायचा. कुठली चिंधी किती वेळ दिसते? जी दिसेनाशी व्हायची तिची काठी उपटून पुढं आणायचा. असे कितीतरी दिवस. वारा कुठून येतो ते विडीच्या धुरानं पाहिलं. रातराणी लांब कुंपणाशी, कारण वास उग्र आणि सापाचं भय. दाराशी गुलबक्षी, ती उन्हं उतरता उतरता उमलते, म्हणजे राहीला आतूनच कळावं की आता बाहेर यायला हरकत नाही. मांडवावर एका अंगाला जुई, दुसऱ्या अंगाला दुधी. हो, दुधी! आपला भाजीचा भोपळा. त्याचं पांढरं फूल संध्याकाळीच उमलतं, हे लडकूला जन्मापासून माहीत होतं, पण त्याकडे पाहिलं होतं कोणी? वाटेच्या कडेला नदीचे गोटे लावून त्यांना चुना फासला. हिवाळ्यासाठी कुंद. बांधावरचा पांढऱ्या फुलांचा रानकुडा तसाच राखला.

पाडा हसला. "लडक्या, जुईची भाजी करतोस काय?" "बिब्याचा मर्द, फुलांचा माळी झाला!" बाईजा मात्र चारचौघींत म्हणायची, "नवरा असावा तर असा. हिच्यावर देव कोपला, पण नवरा नाय कोपला." हे ऐकलं की लडकू घागर उचलून चालू लागायचा. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. आळ्यात पाणी घालताना तो मोजून घालायचा, जणू दर घागरीनं काहीतरी फिटत होतं. आणि घागर रिकामी झाली की जिथल्या तिथंच.

अडतीस सालच्या भादव्यात बाग पहिल्यांदा पुरी फुलली. दिवस बुडाला, राही दारात आली आणि थबकली. चुन्याचे गोटे, वर दुधीची फुलं, जुईचा मांडव पांढरा झालेला. ती चालत गेली, एकेका झाडाशी थांबली, फुलं गालाला लावली. आणि अडीच वर्षांनी हसली. "अवो, ह्ये सगळं माझ्यासाठी?"

"मंग काय शेजारणीसाठी?"

"मी देवाची चुकार, आन तुमी माझं येवढं करता." तिनं खाली वाकून चक्क त्याच्या पायाला हात लावला. लडकूनं पाय मागं ओढला तो असा, की गोट्यावर ठेचकाळला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. राहीनं विचारलं तर म्हणाला, "ठेच लागलीय."

आणि पौष उजाडला तशी राही एका संध्याकाळी मांडवाखाली बसून म्हणाली, "म्या ठरवलंय. औंदा म्हशाला जानार. चालत, अनवाणी, बोलले व्हते तसं."

लडकूच्या हातून घागर निसटली. "गाडीनं जाऊ. घोंगडी घे अंगावर."

"चालत म्हनले व्हते."

"मंग रातीचं चालू."

"रातीचं जंगलातून? वाघाच्या तोंडात? सगळी मान्सं दिवसाच चालतात."

"डोळं बांध. मी हात धरतो."

"देवाकडं तोंड बांधून कोन जातं? आधीच तोंड लपवून बसलेय म्हनतात." ती शांतपणे बोलत होती, सगळं ठरवून झालेलं माणूस बोलतं तसं. "जाईल ती नजर जाऊ दे. डागदरानं सांगितलंय ते मला ठाव हाय. पन नवस फिटला तर बाईजा मांडवात घेईल. मला गानं गाता येईल. गायला डोळं कशाला लागतात?"

जत्रेला आठ दिवस होते. पहिले तीन दिवस लडकूनं नाना खटपटी केल्या. बैल आजारी पाडला, स्वतः कण्हून पाहिलं, हिरीचा निरोप आलाय म्हणाला. राही हसून म्हणायची, "ह्या टायमाला नाय ऐकायची." तिनं चोळी शिवली, नारळ बांधून ठेवला. चौथ्या संध्याकाळी ती मांडवाखाली बसून तळपायाला तेल चोळत होती, दगडगोट्यांवर टिकावेत म्हणून. कुंद फुलला होता, वर अर्धा चंद्र होता. लडकू समोर उभा राहिला.

"राही, राबात बिबा व्हता."

तेलाची वाटी तिच्या हातात तशीच राहिली.

"बांधावरचा. म्या तोडला, म्या घातला. मला ठाव व्हतं. बाईजानं इचारलं तवा म्या खोटं बोललो. नवसाचं म्या काढलं. देवाचा काय संबंध नाय."

एकदा सुरू झाल्यावर तो थांबेना. मार मार आग पळाली म्हणालो तेही, उद्या सांगू म्हणालो तेही, सगळं ओकला. शेवटी तिनं वाटी खाली ठेवली, तेलाचे हात पदराला पुसले.

"धुराचं नाय," ती म्हणाली. "धुराचं चुकून झालं आसंल. आळशी हायसा, मला काय नवं नाय ते. पन दिवस गेला तरी रात व्हती की मला. लग्नं रातीचीच लागतात. दिवस धुरानं नेला, रात तुमी नेलीत." मग तिनं मांडवाकडे मान वर केली. "मी गाल झोडून घेत व्हते, आन तुमी आळ्यात पानी घालत व्हता. मला फुलं कोनी मागितली व्हती, अवो? मला बोलावनं पायजे व्हतं."

लडकू रडायला लागला. तिनं त्याला रडू दिलं. उठून आत जाताना म्हणाली, "उद्या सांजच्याला समद्या पाड्याला बोलवा. बाग बघाया या म्हना. आन आत्ता मला सांगितलंत ते त्यांना सांगा. हितंच. ह्या फुलांत."

दुसऱ्या दिवशी लडकू घरोघर गेला. पाडा आला, बायका-माणसं, चुन्याच्या गोट्यांमधून जपून पावलं टाकत. बायकांनी कुंदाची फुलं हुंगली, एकमेकींना कोपरानं ढोसलं. बाईजा मांडवाखाली बसली आणि म्हणाली, "बघा ग पोरींनो, नवरा असावा तर असा."

तेवढ्यात लडकूनं सांगितलं. उभ्यानं, मान खाली घालून, एक शब्द न गाळता. दुधीच्या फुलावर पतंग फडफडत होता तोही ऐकू येत होता. बाईजा काठी टेकत उठली, त्याच्या समोर गेली. सगळ्यांना वाटलं आता मारते. पण तिचाच आवाज फाटला. "आरं, म्या इचारलं व्हतं तुला. सरळ इचारलं व्हतं. माझ्या तोंडानं तिला मांडवाभायेर काढवलंस की रे." मग ती राहीकडे वळली. नुसते तिचे हात धरून उभी राहिली.

म्हशाला लडकू गेला. "नवस माझा, पन जीव तुमचा व्हता. तुमी चाला," राही म्हणाली. तो अनवाणी गेला, अनवाणी आला. तळपाय सोलून निघाले होते. राहीनं तळव्यांना तेल लावलं. बाग वाळली असेल असं त्याला वाटलं होतं. तिनं रोज पाणी घातलं होतं. "झाडांचा काय गुन्हा?" म्हणाली.

वैशाखात बाईजाच्या नातीचं, सोमीचं, लग्न निघालं. म्हातारी स्वतः कुंकू-तांदूळ घेऊन बोलवायला आली. त्या संध्याकाळी राहीनं अंधारात चाचपून मोगरा तोडला, गजरा केला, नवं लुगडं नेसली. लडकूनं पटका बांधला, काठी घेतली आणि दारात उभा राहिला, नेहमीसारखा मांडवाबाहेर विडी ओढत बसायला. तिचं नाव निघालं की "आमची हाय" म्हणायला.

राही थांबली. रागानं नाही, अगदी साधं बोलली. "तुमी नको येऊ. हितं बसा. तीन सालं मी बसले ना हितं, गानं ऐकत? आज तुमी बसा."

ती चुन्याच्या गोट्यांवरून गेली, कुंपणाचं झापाचं दार ओढून घेतलं. लडकू तिच्या दगडावर बसला. दाराशी गुलबक्षीचं त्या सालचं पहिलं फूल उमललं होतं, कुंपणाशी रातराणी सुटली होती. चिंध्या बांधून बांधून त्यानं आखलं होतं, अगदी तसंच सगळं दिसत होतं आणि अगदी तसाच वास येत होता. इथं एकट्यानं बसून काय वाटतं, ते मात्र त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मग खालच्या आळीतून तिचा आवाज आला. दुसरं कडवं आलं, ते बरोबर होतं. लडकूनं पटका सोडून तोंडाला लावला. उठून धावत जावं असं त्याला फार वाटलं, पण तिनं बसायला सांगितलं होतं, म्हणून ती परत येईपर्यंत तो तिथंच बसून राहिला.